उबुंटूवर गिट दर पुशला टोकन मागतं: माझा अनुभव

हिंजवडीच्या ऑफिसातला उबुंटू डेस्कटॉप. गिट म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन. एचटीटीपीएस रिमोट (सर्व्हरवरची कोडची प्रत), आणि दर पुशला, म्हणजे कोड तिकडे पाठवताना, युजरनेम-टोकन (पासवर्डऐवजी वापरायचा लांब कोड) द्यायचं. वीट आला होता.

गिटचा 'कॅश' हेल्पर (टोकन लक्षात ठेवणारा छोटा प्रोग्राम) लावून बघितला. मूळ सेटिंगला तो १५ मिनिटांत सगळं विसरतो. 'स्टोअर' विसरत नाही, पण टोकन होम फोल्डरमधल्या '.गिट-क्रेडेन्शियल्स' फाइलीत उघडं पडतं. 'कॅट' (फाइल दाखवणारी कमांड) मारला की समोर हजर!

चाललं ते असं. लिबसीक्रेट हेल्पर टोकन कीरिंगमध्ये, म्हणजे उबुंटूच्या पासवर्डच्या कुलूपबंद तिजोरीत ठेवतो. माझ्या उबुंटूत गिटसोबत त्याचा नुसता सोर्स आला होता. म्हणून तो बिल्ड करायला आधी अ‍ॅप्टने (उबुंटूचा पॅकेज टाकणारा प्रोग्राम) 'लिबसीक्रेट-१-डेव्ह', 'मेक' आणि 'जीसीसी' टाकले. मग '/यूएसआर/शेअर/डॉक/गिट/कॉन्ट्रिब/क्रेडेन्शियल/लिबसीक्रेट' मध्ये जाऊन 'सुडो मेक'. तिथे 'गिट-क्रेडेन्शियल-लिबसीक्रेट' तयार होतं. त्याचा पूर्ण पाथ 'गिट कॉन्फिग --ग्लोबल क्रेडेन्शियल.हेल्पर' पुढे दिला. नंतर उघडी फाइल उडवली, जुनं टोकन रद्द करून नवं काढलं (गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, १३ ऑगस्ट २०२१ पासून पुशसाठी खात्याचा पासवर्ड चालतच नाही) आणि एक पुश मारला. नवं टोकन तेवढ्या वेळी विचारलं, पुढच्या पुशला नाही.

खात्री करायला 'पासवर्ड्स अँड कीज' उघडा. लॉगिन कीरिंगखाली नोंद दिसते. मशीनवर ऑटो-लॉगिन असेल तर कीरिंग आपोआप उघडत नाही, पासवर्ड मागते. मी ऑटो-लॉगिनच बंद केलं.