वायरलेस लावलं आणि गिटारचा टोन बदलला? या चुका टाळा

गिटारचा आवाज केबलऐवजी रेडिओने ॲम्पपर्यंत नेणारं नवं वायरलेस (गिटारला ट्रान्समीटर, ॲम्पकडे रिसीव्हर) घेतलं की आठवडाभरात एक तक्रार ठरलेली असते: आवाज टोकदार झालाय, अंग गेलंय, वायरलेसने टोन खाल्ला. मग तो सेट विकायला निघतो, त्याहून महाग सेट येतो आणि तक्रार तशीच राहते. बहुतेक वेळा दोष सेटचा नसतो. गिटार आणि ॲम्पच्या मध्ये जी केबल होती, तिचाही तुमच्या आवाजात वाटा होता. ती काढून टाकताना हा वाटा कुणी मोजलेला नसतो.

केबल काढली, पण तिची जागा भरली नाही

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्रत्येक गिटार केबलला कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) असते. साध्या केबलला मीटरमागे साधारण 100 पिकोफॅरड धरा. पॅसिव्ह पिकअपची (तारांची थरथर टिपणारा, बॅटरी नसलेला भाग) कॉइल आणि ही कपॅसिटन्स मिळून एका ठरावीक फ्रीक्वेन्सीला आवाजाला उठाव देतात आणि त्याच्या वरचा ट्रेबल, म्हणजे तीक्ष्ण भाग, उतरवतात. स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार) सिंगल कॉइल पिकअपचा इंडक्टन्स (कॉइलचा विद्युत गुणधर्म) 2.4 हेन्रीच्या आसपास धरला, तर पाच मीटर केबलवर हा उठाव साधारण 4 किलोहर्ट्झच्या थोडा वर येतो. तीच गिटार थेट जॅकमध्ये बसणाऱ्या ट्रान्समीटरला जोडली की उठाव सरकत 8 किलोहर्ट्झच्या पलीकडे जातो. तुमच्या कानाला सवय झालेली ती 4 किलोहर्ट्झची धार जागेवर राहत नाही आणि पिकचा खरखरीत आघात मात्र पुढे येतो. ॲम्पचा 12 इंची स्पीकर 5 किलोहर्ट्झच्या वर फारसं काही बाहेर सोडत नाही, त्यामुळे तिथे हे थोडं झाकलं जातं. मॉडेलरमधून (ॲम्पची डिजिटल नक्कल करणारं यंत्र) कॅब सिम्युलेशन, म्हणजे स्पीकरची नक्कल, न लावता थेट पीएला (हॉलच्या मोठ्या स्पीकरना) जाणाऱ्यांना मात्र ते कानात टोचतं.

म्हणजे इथे टोन "गेला" नसून उलट जास्तीचा ट्रेबल आलाय, आणि त्यावर उपाय आहेत. काही सेटमध्ये केबलची नक्कल करणारं सर्किट असतं. बॉसच्या डब्ल्यूएल-20 मध्ये ते आहे, तर दिसायला तशाच डब्ल्यूएल-20एल मध्ये नाही, कारण तो ॲक्टिव्ह (बॅटरीवर चालणारे) पिकअप आणि अकूस्टिक गिटारसाठी आहे. पॅसिव्ह स्ट्रॅटसाठी चुकून 'एल' उचलणारे बरेच आहेत. खोक्यावरचं नाव नीट वाचा. तुमच्या सेटमध्ये ही सोय नसेल आणि ट्रान्समीटर बेल्टला लावायचा असेल, तर त्याच्या छोट्या केबलच्या प्लगमध्ये टिप (टोक) आणि स्लीव्ह (बाहेरची नळी) यांच्या मध्ये 470 पिकोफॅरडचा एक कपॅसिटर सोल्डर करून घ्या. काही रुपयांचा भाग आहे, कुठलाही रिपेअरवाला दहा मिनिटांत करून देईल, आणि जवळपास पाच मीटर केबल परत मिळाल्यासारखं होईल.

गिटारच्या व्हॉल्यूम नॉबवर ट्रेबल ब्लीड बसवलेलं असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. व्हॉल्यूम कमी केल्यावर केबल जो ट्रेबल खाते तो भरून काढण्यासाठी ते सर्किट असतं. खाणारी केबलच उरली नाही, की व्हॉल्यूम 5 वर आणल्यावर आवाज किरकिरा होतो. अशा वेळी ॲम्पचे नॉब फिरवत बसण्यापेक्षा ट्रेबल ब्लीडचा कपॅसिटर बदलून घेणं बरं.

फझ पेडल रिसीव्हरच्या मागे लावणं

फझ म्हणजे आवाज जाड आणि फाटका करणारं पेडल. त्यातल्या फझ फेस प्रकारच्या पेडलचा इनपुट इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) खूप कमी असतो. ते पेडल पिकअपवर लोड टाकतं आणि त्या दोघांच्या ओढाताणीतूनच त्याचा तो गोल, दाट आवाज तयार होतो. मध्ये वायरलेस आलं की फझला पिकअप दिसतच नाही, दिसतो तो रिसीव्हरचा बफर केलेला (पिकअपपासून वेगळा पाडलेला) आउटपुट. मग आवाज चिरका होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी करून फझ स्वच्छ करायची युक्ती चालत नाही. हे कुठल्याही किमतीच्या वायरलेसमध्ये होणारच. उपाय दोन: फझच्या आधी पिकअप सिम्युलेटर (पिकअपची नक्कल करणारं सर्किट) लावा, किंवा ज्या गाण्यात फझ आहे तेवढ्यासाठी केबल वापरा. बिग मफसारख्या दुसऱ्या फझ पेडलला हा त्रास जवळजवळ नसतो. ओव्हरड्राइव्ह आणि डिले तर बिनधास्त लावा.

लेव्हल न जुळवताच निकाल देणं

दुकानात केबल आणि वायरलेस आलटून पालटून वाजवताना कान नेहमी मोठ्या आवाजाच्या बाजूने कौल देतो. एक-दोन डेसिबलचा फरकसुद्धा "टोन जास्त छान" वाटायला पुरतो. म्हणून रिसीव्हरचा आउटपुट केबलइतकाच आहे ना, हे आधी पाहा. एकच रिफ, तोच पिकअप, ॲम्पचे नॉब जिथल्या तिथे. जमल्यास दोन्ही वेळा फोनवर रेकॉर्ड करा आणि कुठलं कुठलं हे न सांगता दुसऱ्याला ऐकवा.

रिसीव्हरवर इन्स्ट्रुमेंट आणि लाइन असा स्विच असेल तर तो इन्स्ट्रुमेंटवरच हवा. लाइन लेव्हलने पेडलच्या तोंडाशी आलेला सिग्नल आधीच चिरडतो. उलट बाजूला, ट्रान्समीटरचा गेन फार वर असेल तर हंबकरच्या (दोन कॉइलचा जोरदार पिकअप) जोरदार स्ट्रमला तो क्लिप होतो, म्हणजे सिग्नलची टोकं कापली जातात. ही क्लिपिंग ॲम्पच्या ड्राइव्हसारखी गोड नसते. सगळ्यात जोरात वाजवल्यावरच पीकचा दिवा जेमतेम लुकलुकेल, इतपत गेन ठेवा. ॲक्टिव्ह पिकअप असेल तर सेट त्यांच्यासोबत चालतो का, हे विकत घेण्याआधीच विचारा. काही स्वस्त डोंगल (थेट जॅकमध्ये बसणारे छोटे ट्रान्समीटर) त्यांच्यासोबत शिट्टीसारखा आवाज काढतात.

जुन्या ॲनालॉग सेटची गोष्ट वेगळी. त्यात ट्रान्समीटर सिग्नल दाबतो आणि रिसीव्हर पुन्हा पसरवतो, त्या खटाटोपात सस्टेनच्या शेपटीला श्वास घेतल्यासारखा आवाज येतो. पण त्यातही सौंदर्य सापडलेलं आहे. 1970 च्या दशकातल्या शॅफर-वेगा सिस्टिमने दिलेला रंग एसी/डीसीच्या अँगस यंगला इतका आवडला की तो ती स्टुडिओतही वापरायचा, जिथे वायरलेसची गरजच नव्हती.

घरी चाललं म्हणून स्टेजवर चालेल असं धरणं

परवडणारे बहुतेक डिजिटल सेट 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात. हा पट्टा भारतात विनापरवाना वापरता येतो, म्हणूनच वाय-फाय आणि ब्लूटूथचीही तिथे गर्दी असते. संध्याकाळी साउंडचेक रिकाम्या हॉलमध्ये होतो, त्यात सगळं सुरळीत असतं. रात्री आठशे माणसं खिशात फोन घेऊन बसली की नेमक्या सोलोच्या वेळी आवाज तुटायला लागतो. डिजिटल सेटमध्ये सिग्नल कमजोर झाला तर टोन हळूहळू बिघडत नाही. तो एकतर असतो किंवा नसतो. "गिगला टोन मंद वाटला" असं असेल, तर कारण रेडिओत शोधू नका.

साउंडवाल्यांना एक प्रश्न न चुकता विचारा: डिजिटल मिक्सर टॅबलेटवरून चालवताय का, आणि त्याचा राउटर कुठल्या बँडवर आहे? तो बहुतेकदा 2.4 वर असतो, आणि बरेचदा तुमच्या रिसीव्हरपासून हातभर अंतरावर. 5 गिगाहर्ट्झवर घ्या म्हटलं की दोन मिनिटांचं काम आहे. 5.8 गिगाहर्ट्झचे गिटार सेटही मिळतात. तिथे गर्दी कमी, पण मध्ये माणूस आला तर सिग्नल जास्त अडतो.

रिसीव्हर पेडलबोर्डवर, वेजच्या (जमिनीवरचा तिरका मॉनिटर स्पीकर) मागे, जमिनीला चिकटून ठेवला की ट्रान्समीटर आणि त्याच्या मध्ये तुमचे पाय, मॉनिटर आणि बाकीचा बँड येतो. शरीरातलं पाणी 2.4 गिगाहर्ट्झ चांगलंच शोषून घेतं. शक्य असेल तर रिसीव्हर ॲम्पवर ठेवा, जिथून तुम्ही त्याला दिसाल. ट्रान्समीटर सिंगल कॉइलच्या अगदी जवळ नको, नाहीतर पिकअप त्याची बारीक शिट्टी उचलतो. पट्ट्यावर, पाठीमागच्या बाजूला लावा. आणि फोन त्याच बाजूच्या खिशात ठेवू नका.

लेटन्सीची बेरीज

बॉस डब्ल्यूएल-20 ची लेटन्सी, म्हणजे वाजवल्यापासून आवाज बाहेर पडेपर्यंतचा उशीर, 2.3 मिलिसेकंद आहे. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे 34 सेंटिमीटर जातो, म्हणजे हे ॲम्पपासून पाऊण मीटर मागे सरकण्याइतकंच झालं. एकट्या वायरलेसने हात अडखळत नाही. पण वायरलेस, मग मॉडेलर, मग डिजिटल मिक्सर, मग इन-इअर (कानातले मॉनिटर) अशी साखळी झाली की बेरीज जाणवते. तेव्हा विकत घेताना फक्त डबीवरचा आकडा पाहू नका, आपला पूर्ण रस्ता पाहा.

जॅकचा आकार न पाहणं

स्ट्रॅटचा जॅक वाटीसारख्या खोलगट प्लेटमध्ये तिरका असतो. बिजागरी नसलेला सरळ डोंगल तिथे नीट बसत नाही, अर्धवट बसला की कडकड आवाज येतो. गिब्सन लेस पॉल गिटारला तो कडेला बाहेर निघून राहतो आणि गिटार टेकवताना जॅकवरच ताण येतो. दोन्हींना छोटी राइट-अँगल केबल आणि बेल्टचा ट्रान्समीटर बरा. घेताना स्वतःची गिटार दुकानात घेऊन जा.

परदेशातून आलेला जुना यूएचएफ सेट

अमेरिकेतल्या भावाने किंवा मावशीने स्वस्तात मिळाला म्हणून पाठवलेला वापरलेला यूएचएफ (काहीशे मेगाहर्ट्झवर चालणारा) सेट घेण्याआधी त्याच्या मागे छापलेली फ्रीक्वेन्सी वाचा. तिथे 600 मेगाहर्ट्झच्या मोठ्या भागात वायरलेस माइक वापरायला जुलै 2020 पासून बंदी आहे, त्यामुळे असे बरेच सेट कवडीमोलाने बाजारात आले. 700 मेगाहर्ट्झवरचे त्याहून जुने सेट आपल्याकडेही अडचणीचे. 2022 च्या लिलावात जिओने याच बँडमधलं स्पेक्ट्रम घेतलंय, म्हणजे तुमच्या रिसीव्हरला मोबाइल टॉवरशी झुंजावं लागेल. 703 ते 748 किंवा 758 ते 803 मेगाहर्ट्झमधला आकडा दिसला, तर फुकट मिळाला तरी तो सेट गिगसाठी घेऊ नका.