मार्चअखेर: उसाचं वर्ष वेगळं, वहीचं वर्ष वेगळं

वळीव तोंडावर आलाय आणि बहुतेकांची हिशेबाची वही अजून कोरी. यंदा तरी ३१ मार्च हुकवू नका. चांगला ऊस पिकवूनही माणसं कर्जात गेलेली मी बघितलीत, ती या एका हयगयीनं.

हिशेबाचं वर्ष म्हणजे ठरवलेले सलग बारा महिने. सोसायटी (गावची पीककर्ज देणारी सहकारी संस्था), बँक, प्राप्तिकर यांचं वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च. साखर हंगाम 1 ऑक्टोबर ते 30 सप्टेंबर. आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावून दीड वर्षानं तुटणारा ऊस, यातल्या कशातच मावत नाही. जुलै 2024 ची लागण जानेवारी 2026 ला तुटली. बेणं, खतं, मोठी बांधणी, बहुतेक खर्च 2024-25 मध्ये आणि कारखान्याचं बिल 2025-26 मध्ये. पहिल्या साली तोटा दिसतो, दुसऱ्या साली हात सैल सुटतो. म्हणून रोकड वही मार्चअखेर बंद करा, पण प्रत्येक लागणीला तोडीपर्यंत वेगळं पान ठेवा. उभ्या उसावरचा खर्च पुढच्या वर्षात ओढा.

बिल 2 लाख 40 हजार, सोसायटीची कपात दीड लाख, खात्यावर 90 हजार. एकानं वहीत 90 हजारच जमा धरले आणि ऊस परवडत नाही म्हणून बसला. जमा पूर्ण 2 लाख 40 हजार लिहायची. कपातीतली मुद्दल ही कर्जफेड, व्याज तेवढं खर्चात.

दुकानदाराच्या वहीवर तर अजिबात विसंबू नका. सुरू, म्हणजे हिवाळ्यात लावलेल्या उसाला खताची शिफारस हेक्टरी 250:115:115 किलो नत्र, स्फुरद, पालाश. म्हणजे एकरी साधारण दोन पोती डीएपी, चार पोती युरिया, दीड पोतं पोटॅश. वरच्या टॉनिकच्या बाटल्यांना वेगळा रकाना करा, वर्षाची बेरीज बघून पोटात गोळा येईल. एकाच्या ‘मागील बाकी’त त्यानं कधी न आणलेल्या पाच बाटल्या निघाल्या. नवीन पान उघडायच्या आधी बाकी पावतीशी ताडून घ्या.

शेतातली बाकी कामं:
- खोडवा (तोडीनंतर बुडख्यातून फुटणारा ऊस): बुडखे छाटणे, बगला फोडणे, पाचट (वाळलेला पाला) न जाळणे
- सुरू: खोडकिडीनं वाळलेले पोंगे (मधले कोंब) उपटणे, हलकी बांधणी

हुमणीच्या, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या अळीच्या बंदोबस्ताला मात्र थांबू नका. पहिल्या वळिवानंतर संध्याकाळी कडुनिंब, बाभळीच्या फांद्या हलवून तिचे भुंगेरे (अळीचे मोठे किडे) रॉकेलच्या पाण्यात टाका. माझा अंदाज, पाऊस पडल्यावरचे पहिले तीन-चार दिवस सगळ्यात मोलाचे. गावानं मिळून केलं तरच उपयोग.

2019 च्या पुरानंतर शिरोळकडं अंगणात वाळत घातलेल्या वह्या बघितल्या, शाई पार उतरलेली. पावत्या, पासबुक, सोसायटीचा उतारा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मेअखेर माळ्यावर टाका आणि वहीच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.