डोंगरवस्तीच्या शाळेत विज्ञानाची पेटी नेताना

पुण्याहून वेल्ह्याकडे किंवा आंबेगावात डिंभे धरणामागच्या वाड्यांवर प्रयोग घेऊन जायचं असेल, तर आधी मुख्याध्यापकांना फोन करून तीन गोष्टी विचारा. पटावर मुलं किती, एका खोलीत कोणकोणत्या इयत्ता बसतात आणि गाडी शाळेपासून किती अंतरावर थांबते. पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा असेल तर सहा वर्षांचं आणि दहा वर्षांचं मूल एकाच सतरंजीवर असतं, दोघांच्याही हाताला काम हवं. केंद्रप्रमुखांना तारीख कळवा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे पत्र पंचायत समितीत आधीच देऊन ठेवा.

एकाच्या हातात साहित्य आणि बाकीचे नुसते बघणारे, असा प्रयोग पेटीत भरूच नका. दोघांत एक संच, आणि तो संच गावातच राहणार, हे माप धरा. याच कारणासाठी महागडी उपकरणं टाळायची. मुलांनी हात लावू नये असं ज्या वस्तूबद्दल आपल्याला वाटतं, ती वस्तू डोंगर चढवून नेण्यात अर्थ नाही.

साहित्याचे दोन-तीन डबे करा, एकेक 10 किलोच्या आत. रस्ता संपल्यावर ते खांद्यावरूनच न्यावे लागतात. टॉर्चचे मोठे सेल आणि काळी गोल फेराइट मॅग्नेट पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतात, मोठ्या सेफ्टी पिना आणि झाकणाचे डबे बोहरी आळीत. तांब्याची लेपाची तार, म्हणजे वीज अडवणारा पातळ थर चढवलेली, मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून वजनावर घ्या, 22 किंवा 24 गेजची. सायकलची जुनी ट्यूब कोणताही पंक्चरवाला देतो. छोटी चकचकीत निओडिमियम मॅग्नेट नेऊ नका. लहान मुलानं दोन गिळली तर ती आतड्याच्या भिंती चिमटीत पकडतात, आणि तिथून मोठं रुग्णालय फार लांब असतं.

आता सेलची मोटर. 80 सेंटीमीटर तार पेन्सिल सेलभोवती 15 वेळा गुंडाळा. दोन्ही टोकं समोरासमोर 4-4 सेंटीमीटर सरळ बाहेर ठेवा आणि त्यांचाच एकेक वेढा देऊन वेटोळं बांधा. मोठ्या सेलच्या दोन टोकांना एकेक सेफ्टी पीन लावा, पिनेचं गोल छिद्र वर. ट्यूबमधून कापलेल्या रबराच्या पट्टीनं दोन्ही घट्ट आवळा. मॅग्नेट सेलच्या पाठीवर ठेवा. सेलचं वेष्टण पत्र्याचं असेल तर ते आपोआप चिकटतं, नाहीतर चिकटपट्टी लावा. वेटोळ्याच्या टोकांचा लेप खरवडा (कसा ते पुढे), ती पिनांच्या छिद्रांत अडकवून बोटानं हलकी टिचकी द्या.

दहातल्या सात मोटरी पहिल्या फटक्यात फिरत नाहीत असं गृहीत धरूनच वेळ ठेवा. चूक बहुतेक वेळा लेप खरवडण्यात असते. वेटोळं ताटासारखं आडवं न धरता उभं धरायचं, आणि दोन्ही टोकांची फक्त वरची अर्धी बाजू ब्लेडनं किंवा पॉलिश पेपरनं खरवडायची. तार तिथे लालसर चमकली पाहिजे. खालचा लेप तसाच राहू द्यायचा. अर्ध्या फेरीत वीज मिळते आणि वेटोळं ढकललं जातं. उरलेल्या अर्ध्यात वीज तुटते आणि ते स्वतःच्या वेगानं पुढे जातं. सगळीकडून खरवडलं तर दुसऱ्या अर्ध्यात उलटा धक्का बसतो आणि वेटोळं नुसतं थरथरतं. आडवं धरून खरवडलं तरी हेच होतं. याशिवाय टोकं एका रेषेत नसतील किंवा वेटोळं मॅग्नेटपासून अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त वर असेल, तर मोटर रखडते. न फिरणारं वेटोळं पिनांवर ठेवून देऊ नका, सेल तापतो आणि काही मिनिटांत बसतो.

मोटर फिरली की लगेच पुढच्या प्रयोगाकडे पळू नका. मॅग्नेट उलटं ठेवून पाहा, वेढे कमी करून पाहा. दिशा बदलली हे मूल स्वतः ओरडून सांगतं. तोवर उत्तर तोंडातच ठेवा.

दुसरा प्रयोग सूर्याचा. खिशातल्या आरशावर 1 सेंटीमीटरचं छिद्र पाडलेला कागद चिकटवा, आरसा वाळूच्या डब्यात तिरका खोवा आणि अंगणातून कवडसा अंधाऱ्या वर्गाच्या भिंतीवर पाडा. 20 मीटरवर 18-19 सेंटीमीटरची गोल चकती दिसते. छिद्र चौकोनी केलं तरी चकती गोलच पडते, कारण ते छिद्राचं चित्र नसून सूर्याचं असतं. चकतीभोवती खडूनं वर्तुळ काढायला लावा. साधारण दोन मिनिटांत ती सरकत सरकत खडूच्या रेषेबाहेर पूर्ण निघून जाते. पृथ्वीचं फिरणं एवढ्या जवळून दाखवणारं दुसरं साधन आम्हाला माहीत नाही. आरशाच्या वाटेत डोळा आणायचा नाही आणि सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे आधी दोनदा सांगा. जून ते सप्टेंबर या भागात ढग असतात, तेव्हा हा प्रयोग वगळा.

पावसाळ्यात हळद वापरा. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला वहीचा कागद चुन्याच्या निवळीनं लालभडक होतो, लिंबानं पुन्हा पिवळा. खाण्याच्या सोड्यानं रंग फिकाच बदलतो, म्हणून सुरुवात चुन्यानं करा. जास्वंद मात्र आम्लात गुलाबी आणि अल्कलीत हिरवी होते, आणि ती शाळेच्या कुंपणालाच मिळते.

खिचडीच्या सुट्टीआधी एक प्रयोग, नंतर एक. तिसरा कोंबू नका. निघताना ब्लेड आणि पिना मोजून घ्या, वापरलेले सेल पुण्याला परत आणा. गुरुजींकडे 20 मीटर तार, चार मॅग्नेट आणि पॉलिश पेपरचा एक तुकडा ठेवा. बिघडलेली मोटर दुरुस्त करता येणारी दोन मुलं कोण, तेही त्यांना दाखवून ठेवा.