लहान मुलं, गाडीत एकच मोठं माणूस आणि चारशे किलोमीटर: प्रवास कसा आखावा

दोन मोठी माणसं असली की एक गाडी चालवतं आणि दुसरं पाणी, खाऊ, रुमाल पुरवत बसतं. एकट्याने निघालं की हे दुसरं माणूस नसतं आणि सगळी तयारी त्या एका उणिवेभोवती करावी लागते. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. मागे पडलेली बाटली उचलायला तीन सेकंद वळलात, तर गाडी ६६ मीटर आंधळी धावली. म्हणून गाडी चालू असताना मागे हात जाणार नाही, हे आधीच ठरवा. मुलाला लागणारी वस्तू त्याच्या हाताशी तरी असेल, नाहीतर पुढच्या थांब्यापर्यंत थांबेल.

उदाहरणासाठी पुणे ते सावंतवाडी हा रस्ता घेऊ. कोल्हापूरवरून, मग संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली. अंतर चारशेच्या आतबाहेर. मुलं दोन, एक पाच वर्षांचं आणि एक दोन वर्षांचं.

वेळेचा हिशोब

मोबाइलचा नकाशा जो वेळ दाखवतो त्याला दीडने गुणा. एकटं असताना एका दिवसात थांबे धरून सात तासांच्या वर जाऊ नका. त्या हिशोबाने हा प्रवास दोन दिवसांचा होतो आणि मुक्काम कोल्हापूरला पडतो. एका दिवसात पोहोचणारे पुष्कळ आहेत, पण आंबोलीच्या वळणांवर संध्याकाळी दमलेला चालक आणि मागे रडणारी दोन मुलं हा जुगार खेळण्यात अर्थ नाही.

‘पहाटे तीनला निघू, मुलं झोपेतच राहतील’ हा सल्ला हमखास मिळतो. मुलं झोपतात हे खरं, पण पहाटे दोन ते सहा याच वेळात चालकालाही सर्वात जास्त झोप येते आणि शेजारी बोलायला कुणी नसतं. रात्री नीट झोपून साडेपाचला निघा. मुलांना रात्रीच्याच कपड्यांत उचलून सीटवर बसवा. दीड-दोन तास तशीच झोपतात.

पहिला थांबा खंबाटकी घाट ओलांडून सुरूर फाट्याच्या आसपास, सव्वासातला. दुसरा कऱ्हाडजवळ, साडेनऊ-दहाला. तिसरा पेठ नाका किंवा किणी टोलनाक्याच्या अलीकडे, छोटा. दुपारी साडेबाराच्या सुमारास कोल्हापूर. मोठा थांबा निदान २५ मिनिटांचा धरा आणि त्यातली दहा मिनिटं मुलांना पळू द्या. सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या कामांमुळे जागोजागी रस्ता वळवलेला असतो, म्हणून या पट्ट्यात अर्धा-पाऊण तास जास्तीचा ठेवा. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी आणि कागलच्या पुढे कोगनोळी असे टोलनाके लागतात. फास्टॅगमध्ये पैसे आदल्या रात्रीच भरा. नाक्यावर अडकलेल्या गाडीत दोन वर्षांचं मूल पाच मिनिटंसुद्धा शांत बसत नाही.

सीट: इथे घाई नको

चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा योग्य सीट नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४बी प्रमाणे चालकाला १,००० रुपये दंड आहे. दंड राहू द्या. अचानक ब्रेक लागला की मांडीवरचं किंवा मोकळं बसलेलं मूल हाताने धरून थांबवता येत नाही. इथे तर धरायला दुसरा हातही नाही.

दोन वर्षांच्या मुलाला पाच पट्ट्यांची सीट लागते. आयसोफिक्सचे, म्हणजे गाडीच्या सीटच्या फटीतल्या कड्यांत बसणारे, दोन्ही आकडे अडकले की खूण हिरवी होते. मागचा वरचा पट्टा, म्हणजे टॉप टेदर, बहुतेक जण विसरतात आणि मग धडकेत सीट पुढे कलते. बसवून झाल्यावर जिथून पट्टा किंवा आकडा जातो तिथे सीट धरून हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर पुन्हा आवळा. मूल पुढे तोंड करून बसत असेल तर खांद्याचे पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित वरून यायला हवेत, मागे तोंड असेल तर रेषेत किंवा खालून. पट्टा आवळल्यावर खांद्यापाशी चिमटीत धरून पाहा. चिमटीत घडी आली तर तो सैल आहे. जाड स्वेटर घालून पट्टा बांधू नका. मागे तोंडाची सीट पुढच्या जागेवर, चालू एअरबॅगसमोर, कधीही लावू नका.

पाच वर्षांच्या मुलाला पाठ असलेला बूस्टर, म्हणजे गाडीचा पट्टा नीट बसावा म्हणून उंच करणारी सीट, हवा. खालचा पट्टा पोटावरून नाही, मांड्यांच्या मुळावरून जावा आणि वरचा मानेला न घासता खांद्याच्या मधून. उंची १३५ सेंटिमीटर होईपर्यंत तरी बूस्टर सोडू नका.

धाकट्याला डावीकडे बसवा, थोरल्याला तुमच्या मागे. आपल्याकडे रस्त्याची कड डाव्या बाजूला येते, त्यामुळे ज्याला उचलून काढावं लागतं तो त्या दाराशी हवा. थोरल्याला सांगून ठेवा, उतरायचं ते डावीकडूनच, उजवं दार उघडायचंच नाही. मागच्या दारांचे चाइल्ड लॉक आणि काचांचं बटण दोन्ही लावा.

सामान तीन ठिकाणी

डिकीत तळाला मोठ्या बॅगा. वर, दार उघडताच हाताला येईल अशी मुक्कामाची पिशवी: एका रात्रीचे कपडे, ब्रश, दूध, डायपर. हॉटेलात फक्त ही वर न्यायची. तिसरं ठिकाण शेजारची रिकामी सीट. तिथे उघडं खोकं ठेवून त्याला सीटबेल्ट लावा. त्यात ओले रुमाल, कचऱ्याच्या पिशव्या, जुने पेपर, टॉवेल आणि प्रत्येक मुलाचा कपड्यांचा एकेक जोड वेगवेगळ्या पिशवीत. उलटी झाल्यावर बॅगेत चड्डी शोधत बसायची वेळ येत नाही.

मागच्या काचेखालच्या फळीवर काहीही नको. स्टीलची भरलेली बाटली ब्रेक लागताच पुढे दगडासारखी येते. चेंडू नको, तो गडगडत ब्रेकच्या पायाखाली जातो. मेणाचे खडू नकोत, उन्हात वितळून सीटमध्ये मुरतात. धाकट्याचं खेळणं दोरीने सीटला बांधायचं तर दोरी वितीपेक्षा आखूड ठेवा.

खाणं आणि गाडी लागणं

गाडी चालू असताना खाताना घास अडकला तर तो तुम्हाला दिसत नाही आणि आवाजही येत नाही. म्हणून शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, सबंध द्राक्षं आणि दाणे घातलेला चिवडा चालत्या गाडीत पूर्ण बंद. थांब्यावर धपाटे, दशमी, केळं, इडली. चालताना फारच मागितलं तर मोठ्याला मऊ पोळीचा रोल. तरीही घास अडकलाच तर महामार्ग असो की घाट, चारही दिवे लावून डाव्या कडेला लगेच थांबा. मूल खोकत किंवा रडत असेल तर खोकू द्या. आवाज बंद झाला असेल तर पुढे वाकवून खांद्यांच्या मधोमध पाच थापा, मग बेंबीच्या वर पाच दाब, आणि आलटून पालटून हेच. एक वर्षाखालच्या बाळाला पोटावर दाब देत नाहीत, छातीवर देतात.

गाडी लागण्याचा त्रास साधारण दोन वर्षांपासून पुढे दिसतो. डोळे गाडीच्या आत खिळलेले आणि कानातल्या तोलाच्या इंद्रियाला मात्र वळणं जाणवतात, असं झालं की पोट ढवळतं. त्यामुळे घाटात मोबाइल आणि चित्रांचं पुस्तक बंद, गोष्टी ऐकायच्या, समोर लांब बघायचं, काच थोडी खाली. दूध निघताना नको, पण पोट रिकामंही नको. कोरडं बिस्कीट किंवा खाकरा ठीक. औषध मुलांच्या डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेलंच, आणि ते आधी एकदा घरी देऊन पाहा. काही मुलं त्याने झोपण्याऐवजी उलट धिंगाणा घालतात, ते घाटात कळायला नको. ओआरएसची पुडी मोठी असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यात मिसळायची, अर्धी पुडी अंदाजाने ग्लासात नाही.

थांब्यावरचा क्रम

एकट्याच्या प्रवासात खरा गोंधळ थांबल्यावर होतो. क्रम रोज तोच ठेवा.

१. पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलच्या आवारात, वर्दळीपासून लांब उभी करा. महामार्गाच्या कडेला नाही.

२. इंजिन बंद, किल्ली खिशात. किल्ली सीटवर ठेवून दार लावलं आणि मूल आत राहिलं तर काच फोडायची वेळ येते.

३. आधी तुम्ही उतरा, फिरून डाव्या दाराशी जा. थोरल्याला सोडवा आणि त्याचा हात गाडीवर टेकवून उभा करा: ‘हात गाडीला चिकटलेला.’ मग धाकटा, थेट झोळीत किंवा कडेवर.

४. स्वच्छतागृहात सगळे एकत्र. ‘दोनच मिनिटं’ म्हणून मुलांना गाडीत ठेवू नका. बंद गाडीचं तापमान उन्हात दहा मिनिटांत दहाएक अंशांनी चढतं.

५. परतताना उलटा क्रम. धाकटा आधी सीटमध्ये, मग थोरला. दोघांचे पट्टे ओढून पाहिल्यावरच तुमचं दार.

तुमचा चहा आणि तुमची लघवीही याच वेळात उरकायची. ‘माझं पुढे बघू’ म्हणणारा चालक अर्ध्या तासाने चुळबुळतो. टाकी अर्ध्यावर आली की भरा.

टायर बसला तर

निघण्याच्या आदल्या दिवशी गार टायरमध्ये हवा भरा, दाराच्या कडेवरच्या पट्टीवरच्या आकड्याप्रमाणे, स्टेपनीतही. वाटेत टायर बसला तर रिमवर का होईना, पण हळूहळू सर्व्हिस रोडपर्यंत किंवा पंपापर्यंत न्या. रिम गेली तरी चालेल. ते शक्य नसेल तर चारही दिवे लावा, मुलांना डावीकडून उतरवून कठड्याच्या पलीकडे न्या आणि गाडीच्या बरेच मागे उभे राहा. मागून धडक बसली तर गाडी पुढे ढकलली जाते. मुलं सोबत असताना महामार्गावर स्वतः जॅक लावू नका. राष्ट्रीय महामार्गाची मदत १०३३ वर, सर्वसाधारण आपत्कालीन मदत ११२ वर. निघतानाच एका नातलगाला लाइव्ह लोकेशन पाठवा आणि थोरल्याच्या मनगटावर फोन नंबर लिहा.

दुसरा दिवस

कोल्हापूरला दुपारी झोप, संध्याकाळी रंकाळ्यावर मनसोक्त पळापळ. सकाळी आठला निघून गडहिंग्लजला थांबा, मग आजऱ्याला वीस मिनिटं, हलकं खाऊन. आंबोलीत पावसाळी धुक्यात वरचा प्रखर झोत (हाय बीम) बंद, खालचे दिवे आणि फॉग लॅम्प. चालत्या गाडीचे चारही दिवे लावू नका, वळणाचा इशारा कळत नाही. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी धबधब्यापाशी रस्ताच भरलेला असतो, तेव्हा मधला वार निवडा. दाणोलीकडे उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये राहा. सारखा ब्रेक दाबला की तो तापतो, आणि मागच्या मुलाचं पोटही प्रत्येक दाबाबरोबर पुढे येतं. एकसारख्या संथ उताराने अर्ध्या उलट्या वाचतात.

उरलेल्या अर्ध्यांसाठी: सीटचं कापड लगेच ओल्या फडक्याने टिपा, मुक्कामी पोहोचल्यावर खायचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवा. पट्टे मात्र नुसत्या पाण्याने पुसा. कडक डिटर्जंट किंवा ब्लीचने त्यांचे धागे कमजोर होतात, आणि मशीनमध्ये तर घालूच नका.