जगबुडीनंतरच्या जुन्या टेलिफिल्म कशा पाहाव्यात

जग उद्ध्वस्त झाल्यानंतर मागे उरलेल्यांची गोष्ट सांगणाऱ्या १९७० आणि १९८०च्या दशकांतील टेलिफिल्म पाहायला बसताना चित्रपटगृहातील भव्य विध्वंसपटांचे मोजमाप बाजूला ठेवावे. या कलाकृती बेताच्या पैशांत, घरातल्या लहान पडद्यासाठी तयार झाल्या, आणि त्यामुळेच त्यांची नजर कोसळणाऱ्या इमारतींपेक्षा माणसांच्या चेहऱ्यांवर अधिक वेळ टिकते. मूळ चित्र चौकोनी असेल तर ते तसेच राहू द्यावे. रुंद पडदा भरण्यासाठी ते ताणले, तर नेमके हे चेहरेच बिघडतात.

सुरुवात अणुयुद्धावरील ‘द डे आफ्टर’पासून करावी. २० नोव्हेंबर १९८३ रोजी अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर ती सुमारे १० कोटी लोकांनी पाहिली. तिच्यातील स्फोट आज जुनाट वाटतील, परंतु एक शेतकरी कुटुंब तळघरात उतरत असतानाचा प्रसंग लक्ष देऊन पाहावा. घरातली बाई अंथरूण नीटनेटके करण्यात गुंतलेली असते, ते काम सोडायला ती तयार होत नाही आणि शेवटी नवऱ्याला तिला बळजबरीने खाली न्यावे लागते. संकट मनाला कसे पटत नाही, हे त्या अंथरुणाइतके स्पष्ट मला कोणत्याही स्फोटाने सांगितलेले नाही. अशा अमेरिकी टेलिफिल्ममध्ये ठरावीक वेळाने प्रसंग चढतो आणि पडदा काळा होतो, कारण तिथे जाहिराती असत. या टेलिफिल्ममध्ये मात्र हल्ल्यानंतर वाहिनीने एकही जाहिरात दाखवली नव्हती, म्हणून तिथून पुढचा भाग मध्ये न थांबता पाहावा.

त्यानंतर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, बीबीसीची १९८४ मधील ‘थ्रेड्स’ घ्यावी. बॅरी हाइन्स यांनी लिहिलेली आणि मिक जॅक्सन यांनी दिग्दर्शित केलेली ही कथा इंग्लंडमधील शेफिल्ड शहरात घडते. पडद्यावर उमटणाऱ्या कोरड्या मजकुराकडे आणि निवेदकाच्या शांत आवाजाकडे दुर्लक्ष करू नये, कारण एका तरुणीचे आयुष्य मोडताना दिसत असतानाच तो मजकूर तारखा आणि मृतांचे आकडे एखाद्या सरकारी अहवालासारखे मांडत राहतो. कथा पुढे सरकते तसे संवाद किती आटत जातात, तेही ऐकावे. युद्धानंतर जन्मलेल्या मुलांच्या तोंडी तर मोडकेतोडके शब्दच उरतात.

पीटर वॉटकिन्स यांचा ‘द वॉर गेम’ बीबीसीसाठी १९६५ मध्ये तयार झाला, पण तो दूरचित्रवाणीवर यायला १९८५ साल उजाडावे लागले. तो पाहताना ही दोन्ही वर्षे ध्यानात असावीत.

‘टेस्टामेंट’ शेवटी ठेवावी. अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीसाठी बनलेली ही कृती १९८३ मध्ये आधी चित्रपटगृहांत आली. तिच्यात उद्ध्वस्त शहर दिसतच नाही. मुले टीव्ही पाहत असताना कार्यक्रम मध्येच तुटतो, बातमी येते, खिडकीतून पांढरा प्रकाश घरभर पसरतो, आणि पुढे गावातल्या शाळेचे नाटक ठरल्याप्रमाणे होते. त्या नाटकात मुलांना पाहणाऱ्या आईवडिलांचे चेहरे घाई न करता पाहावेत.