रिमोट रेडिओ स्टेशन: २० मीटर बँडवर तुटणारी यूएसबी

आमच्या हॅम (हौशी रेडिओ) क्लबचा एचएफ सेट, म्हणजे शॉर्टवेव्हचा ट्रान्समीटर-रिसीव्हर, गावाबाहेरच्या टेकडीवर आहे. फ्लॅटवर अँटेना लावू न शकणाऱ्या परवानाधारक सभासदांना तो घरून चालवता यावा, म्हणून रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर यूएसबीने त्याला जोडला. सिम कार्डच्या नेटवर बाहेरून थेट पोचता येत नाही, कारण एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. वायरगार्ड व्हीपीएनने, म्हणजे नेटवरच्या खाजगी जोडणीने, ते सुटलं.

खरा त्रास पुढे होता. ४० मीटर बँडवर (बँड म्हणजे तरंगलांबीवरून ओळखला जाणारा फ्रिक्वेन्सीचा पट्टा) सगळं सुरळीत, पण २० मीटर बँडवर १०० वॅट सोडले की यूएसबी तुटायची आणि सेट ट्रान्समिटवरच अडकायचा. पॉवर २० वॅटवर आणली की ठीक. म्हणजे दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. अँटेनाच्या कोॲक्स केबलच्या बाहेरच्या जाळीवरून आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सीची ऊर्जा) खोलीत शिरत होती. ३१ मिक्सच्या (फेराइटच्या मिश्रणाचा एक प्रकार) फेराइट रिंगवर यूएसबी केबलचे मावतील तेवढे वेढे घेतले आणि डायपोल अँटेनाच्या फीडपॉइंटला, म्हणजे केबल जोडते तिथे, जाळीवरची आरएफ अडवणारा करंट चोक बसवला. आता पूर्ण पॉवरवरही कनेक्शन टिकतं.

तरीही सेटमधला टाइमआउट टायमर ३ मिनिटांवर ठेवाच, माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं. नेट मध्येच गेलं तर ट्रान्समिट आपोआप थांबलं पाहिजे. बटण दाबायला टेकडीवर कुणी नसतं.