केळशीला जायचंय? आधी तिथी बघा

दापोलीपर्यंत सगळेच जातात. केळशीला फार कमी. कोकण रेल्वेने खेडला उतरा, तिथून दापोली आणि पुढे केळशीची एसटी धरा. स्वतःची गाडी असेल तर गावात ती जपून घाला. वाड्यांमधल्या गल्ल्या अरुंद आहेत आणि समोरून बैलगाडी आली तर रिव्हर्स तुम्हीच घ्यायचाय!

राहायचं घरगुती. जेवण आदल्या दिवशीच सांगून ठेवा. उकडीचे मोदक हवे असतील तर तेही तेव्हाच, कारण ऐनवेळी नारळ कोण खवणार?

किनारा रुंद, मागे सुरूचं बन. पण भरतीला गेलात तर निम्मी मजा गेली. आमच्याकडचा हिशोब सोपा आहे: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, की साधारण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. म्हणजे संध्याकाळी लांबवर चालायचं असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास या. मात्र तेव्हा उधाणही मोठं असतं, त्यामुळे भारजा नदीच्या मुखाजवळ अजिबात पोहू नका. पावसाळ्यात तर पाण्यात पाऊलही नको.

महालक्ष्मीचं देऊळ आणि याकूबबाबांचा दर्गा एका सकाळीत होतात. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास देवीचा उत्सव असतो. तेव्हा गाव शांत वगैरे नसतं, पण मला विचाराल तर तेव्हाच या. रोख पैसे जवळ ठेवा आणि प्लास्टिक परत घेऊन जा.